बिनदाराचे गुरुजी

त्या शाळेत रुजू व्हायला गेलो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरलं ते कपाट. चांगलं सागवानी, माझ्याहून हातभर उंच. पण त्याला दारंच नव्हती. बिजागऱ्यांच्या जागी नुसती भोकं आणि आत उघडीवाघडी पुस्तकं. दारं मोडली की काय, असं मी विचारलं. खुर्चीवर बसलेल्या काटकुळ्या हेडमास्तरांनी ओसरीकडं बोट दाखवलं. तिथं ती दोन्ही दारं दगडांवर आडवी टाकलेली होती आणि पाच-सहा पोरं त्यांच्यावर पाय हलवत वाचत बसली होती. "आता उपयोग होऊन राह्यला त्याहिचा," हेडमास्तर म्हणाले. "पहिले उगाच उभे होते."

गावानं त्यांचं नाव 'बिनदाराचे गुरुजी' ठेवलं होतं. कोणी तोंडावर तसं म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. उलट ते समजावून सांगायला बसत. "दार लावलेलं दिसलं का लेकराले वाटते, आत कोणी निजलं आहे. मंग ते पाय न वाजवता माघारी जाते. असं गेलेलं लेकरू पुन्हा येत नाई, मास्तर."

जिल्ह्याला तेव्हा अजून चांदाच म्हणत. आमचं गाव चामोर्शीच्या पुढं, जंगल सुरू होतं तिथलं. एका अंगाला तलाव आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की झाडी. झाडीच्या आत कोस-दीड कोसावर माडिया लोकांचे टोले, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्त्या. शाळेत मास्तर दोनच. मी ब्रह्मपुरीकडचा, नुकतीच मिसरूड फुटलेला, आणि आपल्याला फार कळतं अशा समजुतीत असलेला. गुरुजी पन्नाशीचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हातानं रांधायचे आणि रांधताना वाचायचे, त्यामुळे त्यांच्या घरचा भात जवळजवळ रोज करपलेला असे. मी पहिले तीन महिने त्यांच्याकडं जेवलो. नंतर वेगळी चूल मांडली ती पुस्तकांवरच्या रागापोटी नव्हे, पोटापोटी.

गणिताचं आणि त्यांचं जमत नसे. मी आलो त्या दिवशीच सगळ्या वर्गांचं गणित त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. एकदा मधल्या सुट्टीत बकरी आत शिरली आणि कपाटाच्या खालच्या फळीवरचं अंकगणित निम्मं खाऊन गेली. पोरं आनंदानं नाचली. गुरुजी म्हणाले, "बाकीचे सोडून तिनं हेच काऊन खाल्लं, त्याचा इचार करा." पण वर कळवताना त्यांनी जसं घडलं तसंच कळवलं: पुस्तक बकरीनं खाल्लं, कपाटास दारे नाहीत, दारांचा बाक केला आहे. मी म्हटलं, एवढं सगळं सांगायची काय गरज होती? ते म्हणाले, "मंग काय सांगू? वाघानं खाल्लं?" वरचे साहेब त्या वर्षी हसले आणि सोडून दिलं. हसणाऱ्या साहेबावर फार भरवसा ठेवू नये, हे गुरुजींना कधी कळलं नाही.

पुस्तक देण्याची त्यांची एक रीत होती. पोरानं आधी हात धुऊन यायचं. मग गुरुजी पुस्तक दोन्ही हातांवर घेत, पोराच्या दोन्ही हातांवर ठेवत आणि म्हणत, "हे तुयं. वाचून झालं का सांगजो, मंग दुसऱ्याचं होईन." 'परत आण' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माझा यावर आक्षेप होता. शाळेची वस्तू शाळेची, ती पोराची कशी? गुरुजी म्हणत, "उसनं आणलेलं कोणी जीव लावून खाते का? उसन्याचा घास गोड लागत नाई." आणि नवल म्हणजे पुस्तकं यायची. भिजलेली, हळदीचे डाग पडलेली, तलावातल्या मासोळीचा वास मारणारी, पण यायची. पोरं उंबऱ्यातूनच ओरडत, "गुरुजी, झालं माह्यं!"

या पोरांत बुधरी नावाची एक मुलगी होती. टोल्यावरची, माडिया, नऊ-दहा वर्षांची असेल. टोल्यावरून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. तिला तिच्या बापानं, लालसूनं, आणून घातलं होतं, कारण बाजारात आपल्याला सगळे फसवतात आणि घरात एकाला तरी वाचता आलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बुधरी मराठी बोलायला लाजायची. पहिलं वर्षभर ती वर्गात हूं की चूं करत नव्हती. मला तर ती मंद वाटली. गुरुजींनी तिला बाकावर बसवलं, चित्रांचं पुस्तक दिलं आणि तिच्याकडं पाहायचंच नाही असं ठरवलं. "पाह्यलं का ते थबकते," म्हणाले. दुसऱ्या वर्षी ती ओठ हलवून वाचायला लागली. तिसऱ्या वर्षी कपाटाच्या दोन फळ्या तिनं संपवल्या.

वाचलेली गोष्ट ती टोल्यावर नेऊन सांगे, गोंडीत. हे आम्हांला लालसूकडून कळलं. सांजच्याला जाळाभोवती म्हातारीकोतारी बसत आणि बुधरी मध्ये पुस्तक उघडं धरून एकेक ओळ बोट ठेवून आपल्या बोलीत सांगे. कधी म्हातारे आडवे प्रश्न विचारत आणि ती सकाळी ते प्रश्न घेऊन गुरुजींकडं येई. राजाला एवढ्या बायका होत्या तर धान कोण कापत होतं? वाघ बोलतो तर तो माडियाशी काऊन बोलला नाही? गुरुजी एवढे खूश होत की माझ्या गणिताचा तास बुडवून तिच्याशी बोलत बसत.

तिला सगळ्यांत आवडलेलं पुस्तक समुद्रावर गेलेल्या एका मुलाचं होतं. कोणीतरी दान दिलेल्या गठ्ठ्यातलं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानं नव्हती, त्यामुळे त्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. ढिवरांच्या पोरांचं म्हणणं, समुद्र म्हणजे आपला तलावच, फक्त त्यात मगरी जास्ती. बुधरीला ते पटेना. तिनं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, त्या पाण्याचा दुसरा काठ कुठी आहे?" गुरुजींनी उभ्या जन्मात वैनगंगेपलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मले नाई मालूम, बाई. तू पुरतं वाच अन् मले सांगजो." ती पुस्तक पदरात गुंडाळून गेली. ते पावसाळ्याचे दिवस होते.

त्या पावसाळ्यात टोल्यांवर तापाची साथ आली. नाले भरून वाहत होते. आठवडाभर इकडचा माणूस तिकडं जाईना, तिकडचा इकडं येईना. गुरुजी रोज सकाळी छत्री घेऊन नाल्यापर्यंत जात आणि काठावर उभे राहून परत येत. पाणी उतरल्यावर आम्ही दोघं चिखल तुडवत टोल्यावर गेलो. लालसू घरासमोर बसला होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि झाडीकडं हात केला. बुधरीला जाऊन तेव्हा चार-पाच दिवस झाले होते.

त्या लोकांची रीत आहे की माणूस गेलं म्हणजे त्याच्या वस्तू त्याच्यासोबत द्यायच्या. त्याचं घरात ठेवून घेणं बरं नाही; तिकडं त्याला काही कमी पडू नये. बुधरीच्या मण्यांच्या माळा, तिची लाकडी फणी, तिची वाटी, सगळं तिच्यासोबत मातीत दिलं होतं. आणि पुस्तकही. लालसूच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द नव्हता, तो सगळ्यांनाच 'तू' म्हणे. "तूच म्हणला होता तिले, तिचं आहे," तो गुरुजींना म्हणाला. "पोरीनं सांगलं होतं मले. थोडं राह्यलं होतं वाचाचं. मंग तिचं तिले दिलं."

गुरुजी त्याच्याशेजारी चिखलात बसले. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले: "माणसं माह्या बोलण्याचा एवढा भरवसा ठेवतेत, हे मले मालूम नव्हतं." त्यात अभिमान मुळीच नव्हता. ते भ्याले होते.

दिवाळीनंतर साहेब तपासणीला आले. बैलबंडीतून, दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेऊन. माणूस वाईट नव्हता. कपाट तपासलं तेव्हा बुधरीचं पुस्तक नव्हतं; दानातलं असलं तरी शाळेच्या वहीत ते 'बिननावाचं' म्हणून चढलेलं होतं. गुरुजींनी झालं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "गुरुजी, या जंगलात कोणत्या शाळेत वाळवी नाही? वाळवीनं खाल्लं असं लिहून द्या. मी सही करतो. विषय संपला."

"वाळवीनं नाई खाल्लं, साहेब."

"मला कळतं ते. पण मेलेल्या मुलीच्या नावावर मी सरकारी पुस्तक कसं ठेवू?"

"तिच्या बापानं पोरीजवळ ठेवलं ते. घरातलं सगळ्यांत चांगलं होतं तेच ठेवलं. अन् मी लिहू का किडा लागला म्हणून?"

साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. बकरीचंही प्रकरण निघालं, दारांचंही निघालं. मागल्या वर्षी ज्यावर हसले त्यावरच आता संतापले. जाताना हुकूम देऊन गेले: दारं बसवा, कुलूप लावा, आणि नीट खुलासा येत नाही तोवर एकही पुस्तक बाहेर काढायचं नाही. सुतार आला. ओसरीवरची दारं धुऊनपुसून परत कपाटाला लागली. किल्ली साहेबांच्या शिपायासोबत गेली.

त्यानंतरचे दिवस आठवू नयेत असं मला अजून वाटतं. पोरं सवयीनं हात धुऊन येत आणि दारासमोर उभी राहत. दोन्ही दारांच्या मध्ये एक फट होती, तिला डोळा लावून आत पाहत. "गुरुजी, माह्यं पुस्तक लाल आहे ना, ते दिसून राह्यलं!" असं एखादं ओरडे. गुरुजी फळ्याकडं तोंड करून उभे राहत. त्यांनी पोरांना गोष्टी तोंडी सांगायचा प्रयत्न केला. पण त्यांना गोष्ट सांगता येत नसे. मधलंच विसरत, चिडत, 'आता कपाट उघडं असतं तर' म्हणत थांबत. महिन्याभरात बरीच पोरं मधल्या सुट्टीत तलावावर जाऊ लागली आणि तिकडूनच घरी.

मी भांडलो. चांगला कडाकडा भांडलो. "एक शब्द लिहा, गुरुजी! एका शब्दासाठी एवढ्या पोरांचं कपाट बंद पडलंय. गेली ती पोर गेली. या जिवंत पोरांचं काय?"

"मले समजते," ते म्हणाले.

"समजतं तर लिहा."

"लिहिलं तर मी त्या बापाच्या टोल्यावर कोणत्या तोंडानं जाऊ? तो मले सांगून राह्यला, तुयं म्हणणं मी खरं केलं. अन् मी खोटं करू?"

"त्याला कळणार आहे थोडंच!"

"मले तर कळन," ते म्हणाले. आणि मग हळूच, "तू म्हणते तेही खरं आहे, मास्तर." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी तिथून उठून गेलो. आजही तो राग पुरता गेलेला नाही. खरेपणाची किंमत ज्यानं ठरवली त्यानंच मोजली असती तर मी हात जोडले असते. पण ती मोजली पोरांनी.

ही बोलाचाली टोल्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. एके दिवशी दुपारी वर्ग चालू असताना लालसू दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर सब्बल होती, खणायची लोखंडी पहार. "साहेब रागावला मनते तुह्यावर," तो गुरुजींना म्हणाला. "मी काढून देतो. पोरगी रागावणार नाई. तिले सांगून काढतो." त्या लोकांत मातीत दिलेलं उकरणं म्हणजे केवढं पाप, हे आमच्या ढिवरांच्या पोरांनाही ठाऊक होतं. गुरुजी खुर्चीतून उठले, त्याच्या खांद्यावरची सब्बल स्वतः उतरवून भिंतीला लावली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "नाई, लालसूभाऊ. दिलं ते दिलं. साहेबाचं मी पाहून घेतो." लालसूच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गुरुजींच्या होतं, आणि पोरांसमोर ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

साहेबांचं त्यांनी काय पाहून घ्यायचं होतं! उन्हाळ्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला, एटापल्लीच्याही पलीकडं, जिथं पावसाळ्यात चार महिने टपालसुद्धा पोचत नसे. जाताना सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि करपलेलं पातेलं. पोरं नाल्यापर्यंत सोबत गेली. काही मोठ्यानं रडली, काही बंडीच्या मागं लोंबकळली. मला ते एवढंच म्हणाले, "कपाटाचं पाह्यजो." कसं पाहायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हेडमास्तरचा कार्यभार माझ्याकडं आला. आठ दिवसांत मी लिहून टाकलं: वाळवीनं खाल्लं. शाळा सुरू व्हायच्या आत किल्ली आली. कपाट उघडलं तेव्हा पोरांनी जो गलका केला तो ऐकून मला वाटलं, मी केलं ते बरोबर केलं. आजही वाटतं. मला त्याचा पस्तावा नाही.

पण त्यानंतरच्या बाजारात, चामोर्शीला, लालसूनं मला गाठलं. तो चारोळी विकायला आला होता. कपाट उघडल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं विचारलं, "मंग साहेबानं मानलं? पोरीजवळ आहे, ते मानलं?"

त्याचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "मानलं, भाऊ."

"तिचं नाव लिवलं सरकारात?"

"लिहिलं."

तो हसला. एवढ्या वर्षांत तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यानं ओंजळभर चारोळी माझ्या पिशवीत टाकली आणि नको नको म्हणत असताना आणखी टाकली. दुसऱ्याच आठवड्यात तो बुधरीच्या धाकट्या बहिणीला शाळेत घेऊन आला. तिच्या मागोमाग टोल्यावरची आणखी चार पोरं आली. सरकारनं आपल्या पोरीचं नाव लिहून ठेवलं आहे, हे त्यानं साऱ्या टोल्यांवर सांगितलं होतं.

ते मला पचेना. हिवाळ्यात चार दिवसांची रजा काढून मी गुरुजींकडं गेलो. खरं तर निघताना मी खिशात अर्जही ठेवला होता, ब्रह्मपुरीकडं बदली मिळावी म्हणून. परत येताना तो कचेरीत देणार होतो. लालसूच्या समोर रोज राहायचं माझ्यानं होईना. गुरुजी खाटेवर होते. ताप हटत नव्हता, डोळे पिवळे झाले होते. शाळा म्हणजे एक मांडव, आणि तिथं कपाटच नव्हतं. मी सगळं सांगितलं, वाळवीचं आणि बाजारातलंही. मला वाटलं, चिडतील. मला ते चिडायलाच हवे होते.

"पोरं वाचतेत?" त्यांनी विचारलं.

"वाचतात. टोल्यावरची पाच येतात आता."

"लालसूनं आणले?"

"हो. तुमचं म्हणणं साहेबानं मानलं, असं त्याला वाटतं."

ते भिंतीकडं वळले. मग तसंच, पाठमोरे, म्हणाले, "मंग आता तुले तिथून हालता येत नाई, मास्तर. तू गेला अन् दुसरा आला, तर तो खरं सांगून टाकन."

गुरुजी त्या उन्हाळ्यात गेले. कळवलं कोणी नाही. मला पावसाळा संपल्यावर कळलं. अर्ज मी दिला नाही. पुढं बढतीची बदली आली तीही नाकारली. लोकांना वाटलं मला जंगल मानवलं, बायकोला वाटलं मी हट्टी आहे. निवृत्त झालो तो त्याच शाळेतून. लालसू जिवंत होता तोवर दरवर्षी धान घरात आलं की शाळेत यायचा. कपाटासमोर थोडा वेळ उभा राहायचा आणि विचारायचा, "नाव आहे ना अजून?"

मी म्हणायचो, "आहे, भाऊ."